छोट्या संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

घाटकोपरच्या किंवा अंधेरीच्या औद्योगिक गाळ्यांत आज पत्त्याच्या पानाएवढी एक पाटी डब्यात बसविलेली दिसते. कोणी ती कामगारांच्या हजेरीस लावतो, कोणी भट्टीचे तापमान नोंदविण्यास. प्रोसेसर, मेमरी, तारा जोडण्याच्या जागा, सारे त्या एकाच पाटीवर असते. २०१२ साली ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय निघाल्यापासून असे संगणक सामान्यांच्या आवाक्यात आले. परंतु पैसे मोजून पाटी घेतली म्हणजे आपण तिचे मालक झालो काय? आमचा प्रश्न एवढाच आहे.

प्रथम ही पाटी जागी कशी होते ते पाहू. कारखान्याची पाळी सुरू होताना रखवालदार फाटक उघडतो, मुकादम माणसे कामावर लावतो आणि मग खाते चालू होते. येथेही तसेच. वीज येताच चिपमध्ये कायमची कोरलेली लहानशी आज्ञावली उठते, ती रखवालदार. ती बूटलोडरला हाक मारते, तो मुकादम. यू-बूट हा त्यांतला सर्वांत प्रचलित. तो मेमरी कामास लावून लिनक्सचे कर्नल आणतो व त्याच्या हाती पाटीचा नकाशा देतो. या नकाशाला डिव्हाइस ट्री म्हणतात. कोणता भाग कोठे आहे हे अशा पाट्या बहुधा आपण होऊन सांगत नाहीत, म्हणून नकाशा लागतो.

अडचण येथेच उद्‌भवते. पुष्कळ उत्पादक एखादे जुने कर्नल घेतात, त्यात आपल्यापुरती ठिगळे लावतात आणि माल खपला की तिकडे पाठ फिरवितात. ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष २००७ पासून कर्नलमध्ये होता. त्याचा लाभ घेऊन साधा वापरकर्ताही यंत्राचा सर्वाधिकारी होऊ शके. २०१६ मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये दुरुस्त झाला. पण जुन्या ठिगळांच्या कर्नलवर अडकलेल्या पाटीपर्यंत ही दुरुस्ती कोण पोचविणार?

आपल्या पवईतच याचे उदाहरण घडले. ‘आकाश २’ हा स्वस्त टॅब्लेट राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रकाशात आला. त्यात १ गिगाहर्ट्‌झची चिप आणि ५१२ मेगाबाइट मेमरी होती व तो अँड्रॉइडवर चाले. पवईच्या आयआयटीतील मंडळींनी त्यावर एसडी कार्डावरून संपूर्ण लिनक्स चालवून दाखविले. ऑलविनर ए१३ या चिपचा रखवालदार आधी कार्डाकडे पाहतो, म्हणून हे साधते. याच चिपचा प्राथमिक आधार २०१३ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आला. २०१४ मध्ये ऑलविनर घराण्याच्या चिपा मुख्य यू-बूटमध्ये दाखल झाल्या. तिच्या चित्रे रेखाटणाऱ्या भागाचा मुक्त चालक मात्र कर्नलमध्ये यावयास २०१९ उजाडले. काम सावकाश झाले. पण देशोदेशींच्या लोकांनी मिळून केलेले हे काम कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही.

म्हणून आमची सूचना अशी. लॅमिंग्टन रोडवर पाटी घेण्यापूर्वी तिचे नाव मुख्य कर्नलमध्ये व मुख्य यू-बूटमध्ये आहे काय ते पाहावे. जुने चालते कार्ड पुसू नये. दुसरे कार्ड घ्यावे. ए१३ च्या पाटीवर कार्डाच्या आरंभापासून ८ किलोबाइट सोडून यू-बूट लिहितात. दुसऱ्या चिपांचे स्थान निराळे, ते चुकले तर पाटी गप्प बसते. मग नवे कर्नल व त्याच पाटीचा नकाशा ठेवावा. पडदा काळाच राहिला तर सीरियल तार लावून मुकादम काय बोलतो ते वाचावे. ती तार बहुधा ३.३ व्होल्टची लागते. ५ व्होल्टने पाटी जळू शकते.

लिनक्सचे कर्नल १९९२ पासून जीपीएल या परवान्याखाली आहे. जो ते आपल्या मालात घालून विकतो, त्याने त्याचा सोर्स कोड ग्राहकास दिला पाहिजे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे; मात्र हक्क कागदावर असून भागत नाही, तो मागावा लागतो. दहा गाळेवाल्यांनी मिळून एकाच जातीची पाटी निवडली आणि दोन जाणत्या पोरांना हे काम शिकविले, तर विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.