अख्खा स्तन काढायचा की फक्त गाठ? (एपिसोडची लेखी आवृत्ती)

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे आज सल्ला मिळणार नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये बाईला ऑपरेशन निवडता येतं, हे मुळात कसं शक्य झालं ते सांगणार आहे.

चला १९७४ च्या अमेरिकेत. स्तनात गाठ लागली की बाईला भूल द्यायचे, तुकडा काढून लगेच तपासायचे आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत अख्खा स्तन काढून टाकायचे. तिला जाग येईपर्यंत निर्णय होऊन गेलेला. रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईंनी याला नकार दिला. आधी फक्त बायोप्सी करा, पुढचं मी ठरवेन, असं म्हणाल्या. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने तपासणी आणि ऑपरेशन वेगवेगळं करा असं सुचवलं. त्या समितीत कुशनरबाई स्वतः होत्या.

आता सर्जन लोक दुष्ट होते असं नाही हां. हाल्स्टेड यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून, समज असा होता की जितकं जास्त कापाल तितकी बाई वाचेल. स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळंच काढायचं.

हे खरं आहे का, ते तपासलं मिलानमध्ये व्हेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी. आपल्या भाषेत ए/बी टेस्टच म्हणा: कोणत्या बाईला कोणतं ऑपरेशन, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. मिलानमध्ये ७०१ जणी, फिशर यांच्याकडे १,८५१. दोघांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. स्तन काढलेल्या आणि स्तन राखलेल्या बायकांच्या जगण्यात फरक पडला नव्हता.

पण थांबा, यात एक अट आहे. फिशर यांच्या अभ्यासात फक्त गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींना त्याच स्तनात कॅन्सर परत आला. ज्यांना वर रेडिएशनही दिलं, त्यांच्यात १४.३ टक्के. म्हणजे स्तन राखायचा तर रेडिएशन सहसा आलंच.

आणि खरी गोची इथेच आहे. रेडिएशन म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे हॉस्पिटलच्या फेऱ्या. परळच्या टाटाजवळ राहणाऱ्या बाईला हे वेगळं आणि लांबच्या तालुक्यातल्या शेतमजूर बाईला वेगळं. शहरात राहायचं कुठे, मजुरी बुडेल त्याचं काय, घरी पोरांकडे कोण बघणार? सगळं समजून घेऊन तिने स्तन काढायचं ठरवलं, तर तिला अडाणी म्हणू नका. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाने २०२० मध्ये दाखवलं की बऱ्याच जणींना आठवडाभरात पाच डोस देऊनही तेवढाच गुण येतो. म्हणून 'छोटा कोर्स मला चालेल का?' हे नक्की विचारा.

अर्थात काहींना हा पर्यायच नसतो: स्तनात वेगवेगळ्या ठिकाणी गाठी असतील, छातीला आधी रेडिएशन झालं असेल तर. गाठ मोठी असेल तर कधीकधी आधी केमो देऊन ती लहान करतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे घरचे. डॉक्टर नवऱ्याशी बोलतात, मुलगा सही करतो, आई खोलीत बसलेली. दिल्लीत एका बाईला फक्त तपासणीसाठी भूल दिली होती. बाहेर तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं: तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, आणि जिवावर बेतलेलं नसेल तर सज्ञान पेशंटची संमती तिचीच लागते.

तेव्हा घरात कुणाला हे निदान झालं तर रिपोर्ट घेऊन तिच्यासोबत जा, पण प्रश्न तिला विचारू द्या. विचार करायला काही दिवस मागितले तर सहसा बिघडत नाही. किती दिवस चालतील, तेही डॉक्टरांनाच विचारा.

पुढच्या भागात बायोप्सीचा रिपोर्ट वाचायचा कसा ते बघू. भेटू!