थोरल्या बहिणींच्या पाठोपाठ

मोठ्या भावंडांनी नाव कमावलेल्या घरात धाकट्यांची तुलना टळत नाही. इथिओपियाच्या गेन्झेबे दिबाबा हिच्या वाट्याला ती अंमळ अधिकच आली. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवरील बेकोजी या गावी, शेतकरी कुटुंबात १९९१ साली तिचा जन्म झाला. थोरली एजेगायेहू २००४ च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदकाची मानकरी. दुसरी बहीण तिरुनेश हिची ऑलिंपिक सुवर्णपदके तीन.

बहिणींनी लांब पल्ल्याच्या शर्यती गाजवल्या. गेन्झेबेचे नाव झाले ते १,५०० मीटर या मध्यम पल्ल्यात. मैदानाच्या अवघ्या पावणेचार फेऱ्यांच्या या शर्यतीत दमाइतकाच वेगाचाही कस लागतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिरुनेशने सुवर्ण जिंकले. गेन्झेबेला मात्र दुखापतीमुळे प्राथमिक फेरीतच थांबावे लागले. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ती आठवी आली.

त्यानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये बंदिस्त मैदानावर १,५०० मीटर, ३,००० मीटर व दोन मैल या तिन्ही अंतरांतील सर्वोत्तम वेळा तिने पंधरा दिवसांत मागे टाकल्या. १७ जुलै २०१५ रोजी मोनॅको येथे तिने १,५०० मीटर ३ मिनिटे ५०.०७ सेकंदांत पूर्ण केले. चीनच्या कू युन्शियाचा १९९३ पासून अबाधित असलेला विक्रम ०.३९ सेकंदाने मोडला. पुढच्याच महिन्यात बीजिंगला ती जगज्जेती झाली.

विक्रमाच्या शर्यतीत आरंभी वेग राखून देणारी सोबतीण असते. ऑलिंपिकमध्ये ती सोय नसते. तेथे घड्याळापेक्षा प्रतिस्पर्ध्याचा अंदाज महत्त्वाचा. २०१६ मध्ये रिओ येथे गेन्झेबेने अंतिम रेषेच्या बऱ्याच आधी मुसंडी मारली. पण शेवटच्या टप्प्यात केनियाची फेथ किपयेगॉन तिला मागे टाकून गेली. विक्रमवीर गेन्झेबेला रौप्यावर समाधान मानावे लागले. २०२३ मध्ये तो विक्रमही किपयेगॉननेच मोडला.

तोवर गेन्झेबे मॅरेथॉनकडे वळली होती. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिल्याच मॅरेथॉनमध्ये तिने दुसरा क्रमांक मिळवला. बहिणींच्या घरातील ऑलिंपिक सुवर्ण तिच्या हाती आले नाही. परंतु जवळजवळ आठ वर्षे या अंतरावर जगातील कोणतीही स्त्री तिच्यापेक्षा वेगाने धावू शकली नाही. तिच्या कारकिर्दीचे मोल ठरवताना हीही नोंद जमेस धरावी लागेल.