स्मृतिस्तंभापुढे वाचली जाणारी नावे

कोल्हापूर, प्रतिनिधी – दरवर्षी २१ ऑक्टोबरच्या सकाळी कसबा बावडा मार्गावरील पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर बंदुकीच्या फैरी झडतात. रस्त्याने जाणाऱ्यास तो नेहमीचा सराव वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ती कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलिसांना दिलेली मानवंदना असते.

कोल्हापूरला स्मारकांचे अप्रूप नाही. दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा, तर बिंदू चौकात महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचा पुतळा आहे. या पुतळ्यांना चेहरा आहे, ओळख आहे. पोलिसांचा स्मृतिस्तंभ मात्र कोणा एकाचा नाही. त्याचा अर्थ उलगडतो तो वर्षातून एकदा, नावे वाचली जातात तेव्हा.

लडाखमधील तो दिवस

या दिवसाचे मूळ १९५९ सालात आहे. भारत-तिबेट सीमेच्या रक्षणाची जबाबदारी तेव्हा पोलिसांवर होती. लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथून २० ऑक्टोबरला टेहळणीसाठी निघालेल्या तीन तुकड्यांपैकी एक परतली नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली तिचा शोध सुरू झाला. टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी या पथकावर गोळीबार केला. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान धारातीर्थी पडले आणि सात जण जखमी अवस्थेत पकडले गेले. मृतदेह ताब्यात मिळण्यास नोव्हेंबर उजाडला. जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने २१ ऑक्टोबर हा स्मृतिदिन म्हणून पाळण्याचे ठरविले.

संचलनाचा गाभा

समारंभाचा क्रम देशभर जवळपास सारखाच असतो. आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षाच्या ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अधिकारी व जवानांची नावे वाचली जातात. त्यानंतर शोकशस्त्र, पुष्पचक्र, बिगुल आणि हवेत तीन फैरी.

ही यादी एकट्या जिल्ह्याची नसते. काश्मीर, छत्तीसगड, ईशान्य भारत अशा दूरच्या मुलखातील शिपायाचे नावही कोल्हापूरच्या मैदानावर उच्चारले जाते. हुद्द्यानुसार मान कमी-अधिक होत नाही. शिपाई आणि अधिकारी एकाच यादीत येतात. दिल्लीत चाणक्यपुरी येथे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे लोकार्पण झाले. तेव्हा तेथील भिंतीवर स्वातंत्र्योत्तर काळातील ३४ हजार ८४४ नावे होती.

आपल्या मुलखातील नावे

या यादीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

गडचिरोलीतील घटना मात्र शहरी वाचकाच्या लक्षात फार काळ राहत नाहीत. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ नक्षलवाद्यांशी लढताना १७ पोलीस मृत्युमुखी पडले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभूळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाला. राज्य राखीव पोलीस बलाच्या तुकड्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून तेथे बंदोबस्तास जात आल्या आहेत. त्यामुळे तेथील बातमी राज्यातील कोणत्याही पोलीस वसाहतीचे दार ठोठावू शकते.

मानवंदनेनंतर

फैरी थांबतात, मैदान रिकामे होते. कुटुंबापुढील प्रश्न मात्र त्या दिवशी संपत नाहीत. शासकीय निवासस्थान, मुलांचे शिक्षण, अनुकंपा नियुक्ती यांची कागदपत्रे पुढे अनेक महिने फिरत राहतात. मृताचे नाव एकदा वाचले जाते; त्याच्या घरच्यांना ते प्रत्येक अर्जावर लिहावे लागते. स्मृतिस्तंभाची खरी कसोटी तेथे लागते.

चौकातील पोलिसाशी आपला संबंध बहुधा दंडाच्या पावतीपुरता किंवा गणेशोत्सवाच्या बंदोबस्तापुरता येतो. त्याच्याविषयी तक्रारी असू शकतात आणि त्या मांडल्याही पाहिजेत. परंतु वर्षातील एका सकाळी, फैरींचा आवाज कानी पडल्यावर, क्षणभर थांबून त्या यादीचे स्मरण करणे कोल्हापूरकरांना अवघड नाही.