रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय? मग 'बॉडी अवेअरनेस' म्हणजे काय ते वाचा

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, एमआरआयही झाला. सगळं नॉर्मल. तरी पाठ दुखते, थकवा जात नाही. घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत!" पण हे दुखणं खोटं नसतं.

शरीराकडून येणारे संकेत मेंदू सतत वाचत असतो. दीर्घकाळच्या ताणामुळे तो साध्या संकेतालाही धोका समजू शकतो. मग स्नायू आखडतात, श्वास उथळ होतो आणि त्रास वाढतो.

इथेच शरीराकडे लक्ष देण्याचं प्रशिक्षण उपयोगी पडू शकतं. स्वीडनच्या फिजिओथेरपिस्ट गेर्ट्रूड रॉक्सेंडाल यांनी फ्रान्सच्या जाक द्रॉप्सी यांच्या कामावरून 'बेसिक बॉडी अवेअरनेस थेरपी' विकसित केली. त्यात झोपून, बसून, उभं राहून आणि चालताना सावकाश हालचाली करतात. पाय जमिनीवर नीट टेकलेत का? श्वास रोखला जातोय का? एवढंच पाहायचं. दुखणं शोधत बसायचं नाही.

सगळ्यांना सारखाच फायदा होईल असं नाही. आधी डॉक्टरांची तपासणी हवीच. आणि वजन घटणं, ताप किंवा अंगातली ताकद जाणं असं काही नवं दिसलं, तर जुना नॉर्मल रिपोर्ट पुरेसा नाही. पुन्हा डॉक्टरांकडे जा.