संध्याकाळी खुर्च्या मांडणारं दुकान

अटलांटाच्या ‘मार्टा’ रेल्वेची निळी लाइन डिकेटर गावच्या चौकाखालून जाते. स्टेशनातून वर आलं की समोर जुन्या कोर्टाची दगडी इमारत दिसते. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा स्मारकस्तंभ 1908पासून या कोर्टापुढे उभा होता. जून 2020मध्ये तो एका रात्रीत हलवण्यात आला. त्या जागी ऑगस्ट 2024पासून नागरी हक्कांच्या लढ्यातले नेते जॉन लुइस यांचा बारा फुटी पुतळा आहे. चौकातून दक्षिणेला निघावं, रेल्वेचे रूळ ओलांडावेत आणि 1889मध्ये मुलींच्या शिक्षणासाठी सुरू झालेल्या ॲग्नेस स्कॉट कॉलेजच्या कडेनं चालत राहावं. रमतगमत गेलं तरी पंधरा-वीस मिनिटांत साउथ कँडलर स्ट्रीटवरचं एक जुनं घर लागतं. त्याच्यावर पाटी आहे : ‘कॅरिस बुक्स अँड मोअर’.

अमेरिकेच्या दक्षिण भागातलं हे सर्वांत जुनं स्वतंत्र स्त्रीवादी पुस्तकांचं दुकान. नोव्हेंबर 2024मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली. दारावरच्या ‘अँड मोअर’ या दोन शब्दांत या जागेचं निम्मं काम सामावलंय. इथं दिवसा पुस्तकं विकली जातात आणि संध्याकाळी खुर्च्या मांडल्या जातात. एखादी लेखिका नव्या पुस्तकातलं प्रकरण वाचून दाखवते, कधी लेखन कार्यशाळा असते, कधी वाचनगट बसतो. या संध्याकाळच्या खुर्च्यांनीच दुकान तगवलं, असं माझं मत आहे आणि त्याला दुकानाच्याच इतिहासाचा आधार आहे.

लिंडा ब्रायंट आणि बार्बरा बोर्गमन यांनी 1974च्या नोव्हेंबरमध्ये लिटल फाइव्ह पॉइंट्स या वस्तीत हे दुकान थाटलं. आज तिथं पर्यटक गर्दी करतात. तेव्हा ती पडझड झालेली, कमी भाड्याची वस्ती होती. त्याच वर्षी जानेवारीत मेनार्ड जॅक्सन अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले होते. बाई आहे किंवा अविवाहित आहे म्हणून कर्ज नाकारायला बंदी घालणारा कायदा अमेरिकेत ऑक्टोबर 1974मध्ये झाला आणि पुढच्याच महिन्यात या दोघींनी दुकानाचं दार उघडलं. तोवर बँका बायकांकडे नवऱ्याची सही सर्रास मागत असत.

सुरुवातीला फळ्यांवर होती ती मुलांची पुस्तकं आणि पुरोगामी धर्मचिंतनाचे ग्रंथ. त्याच परिसरात 1972पासून अटलांटा लेस्बियन फेमिनिस्ट अलायन्स ही संघटना काम करत होती. आसपासच्या बायका येऊन आपल्या जगण्याची पुस्तकं मागू लागल्या, तशी ती मागवली जाऊ लागली आणि गिऱ्हाइकांनीच दुकानाला स्त्रीवादी वळण लावलं. मालकिणींनी ते मोकळ्या मनानं लावू दिलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही वर्षं ओळखीची वाटतील. भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ अहवाल 1974चाच. पुण्यात 1975मध्ये स्त्रीमुक्तीची परिषद भरली. पुढे 1984मध्ये दिल्लीत उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी ‘काली फॉर विमेन’ ही प्रकाशनसंस्था काढली, तर 1989मध्ये पुण्यात विद्या बाळ यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ मासिक सुरू केलं. वाचलेलं एकमेकींना सांगायला जागा हवी, ही निकड दोन्हीकडे सारखीच होती.

स्त्रीवादी पुस्तकांच्या दुकानांना अमेरिकेत आणि कॅनडात चांगले दिवस होते ते नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत. तेव्हा अशी शंभरावर दुकानं होती. मग मोठ्या साखळी दुकानांनी भावात सूट द्यायला सुरुवात केली, पाठोपाठ ऑनलाइन विक्री आली आणि एकेक दुकान मिटत गेलं. मिनियापोलिसमध्ये 1970पासून ‘ॲमेझॉन’ नावाचं स्त्रीवादी पुस्तकांचं दुकान होतं. 1999मध्ये या दुकानानं नावासाठी त्याच नावाच्या बलाढ्य ऑनलाइन कंपनीला कोर्टात खेचलं आणि प्रकरण तडजोडीनं मिटलं. दुकान मात्र पुढं नाव बदलूनही 2012मध्ये बंद पडलं. टोरांटोचं विमेन्स बुकस्टोअरही त्याच वर्षी गेलं.

कॅरिस राहिलं. पुस्तकाच्या छापील किमतीतला साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के वाटा दुकानाला मिळतो. त्यातून भाडं, पगार, वीजबिल भागवायचं. लेखिकेचं अभिवाचन ठेवलं तर चार प्रती खपतात. पण आई-वडिलांची महिन्याची बैठक किंवा मुलांची गोष्टीची वेळ यांतून गल्ल्यात फारसं काही पडत नाही. निव्वळ हिशेब पाहणारा मालक आधी असे कार्यक्रम बंद करील. कॅरिसनं 1996मध्ये कार्यक्रमांसाठी ‘कॅरिस सर्कल’ ही वेगळी ना-नफा संस्थाच काढली. पुस्तकविक्री दुकानाच्या खात्यात, तर अभिवाचनं, कार्यशाळा, गटांच्या बैठका सर्कलच्या खात्यात. सर्कलला देणग्या आणि अनुदानं घेता येतात. त्यामुळे बहुतेक कार्यक्रमांना ठरावीक तिकीट नसतं. ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढी देणगी द्यावी आणि ज्याच्याकडे नसेल त्यानंही येऊन बसावं.

त्यांचं महिन्याचं वेळापत्रक अगदी सावकाश वाचण्यासारखं असतं. नव्या पुस्तकांवरच्या गप्पा त्यात असतातच. बहुधा एक लेखिका दुसरीला प्रश्न विचारते आणि मग ऐकणारे विचारतात. कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांची पुस्तकं नेटानं, ओळीनं वाचणारा वाचनगट आहे. ऑड्री लॉर्ड, बेल हुक्स ही तिथं घरातली नावं. अटलांटासारख्या शहरात, जिथं मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर आहे, हे वाचन पुस्तकी राहत नाही. ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणींच्या आया-आज्यांना वंशभेदामुळे बसच्या मागच्या बाकावर बसून प्रवास करावा लागलेला असतो. ट्रान्स तरुणांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी ‘ट्रान्स अँड फ्रेंड्स’ हा गट आहे.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो पालकांचा गट. वंशभेदाबद्दल मुलांशी कसं बोलायचं, हा त्याचा विषय. ‘तो मुलगा काळा का आहे?’ असं चार वर्षांच्या पोरानं भर दुकानात मोठ्यानं विचारलं, तर त्याला गप्प करायचं की उत्तर द्यायचं? आणि उत्तर द्यायचं तर कोणत्या शब्दांत? ‘ती कुठल्या जातीची?’ हा प्रश्न आपल्याकडेही घरोघरी दबक्या आवाजात विचारला जातो आणि मुलं तो ऐकत असतात. त्यावर पालकांनी एकत्र बसून बोलावं, अशी जागा पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत असायला हवी.

2019मध्ये कॅरिस लिटल फाइव्ह पॉइंट्स सोडून कॉलेजशेजारच्या घरात आलं. आता ॲग्नेस स्कॉटचं अधिकृत पुस्तकांचं दुकानही तेच. त्यामुळे पाठ्यपुस्तक किंवा कॉलेजचं नाव छापलेला टी-शर्ट घ्यायला आलेली मुलगी कवितांच्या फळीपाशी रेंगाळते आणि संध्याकाळच्या खुर्च्यांत तरुण चेहरे दिसतात. पन्नास वर्षांच्या संस्थेला याहून मोलाचं काय मिळणार?

पुढच्याच वर्षी करोनाची महासाथ आली आणि सगळे कार्यक्रम पडद्यावर गेले. त्यानंतर, अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियात 2022मध्ये दोन कायदे झाले. शाळांमध्ये वंशविषयक कोणत्या संकल्पना शिकवायच्या नाहीत, हे एकात सांगितलंय. शाळेतल्या पुस्तकावर पालकानं ‘मुलांसाठी घातक’ अशी तक्रार केली, तर तिचा निकाल मुख्याध्यापकानं झटपट लावायचा, अशी तरतूद दुसऱ्यात आहे. अशा वेळी ज्या पुस्तकांवर तक्रारी होतात ती पुस्तकं समोर ठेवणारं आणि त्यांच्यावर चारचौघांत बोलू देणारं दुकान गावात असणं, हा वाचकांसाठी मोठा आधार आहे.

अटलांटा परिसरातली बरीच मराठी कुटुंबं किराण्यासाठी डिकेटरजवळच्या पटेल प्लाझात जातात. पोहे, तूरडाळ, कढीपत्ता घेऊन झाल्यावर गाडीनं थोडंच पुढं गेलं की कॅरिस लागतं. लहान मुलं बरोबर असतील तर आधी मुलांच्या पुस्तकांकडे जावं. दुकान सुरू झालं तेव्हापासूनचा हा विभाग आहे आणि तो प्रेमानं जपलाय. मोठ्यांना जायचं असेल तर वेळापत्रक पाहून संध्याकाळ निवडावी. वर्षातले तीन महिने खास लक्षात ठेवावेत : स्त्री-इतिहासाचा मार्च, अटलांटाचा प्राइड मेळा असतो तो ऑक्टोबर आणि दुकानाच्या वाढदिवसाचा नोव्हेंबर. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी अमेरिकेतली स्वतंत्र पुस्तकांची दुकानं आपला दिवस साजरा करतात, तोही चुकवू नये.

महाराष्ट्रातून जाणं जमणार नसलं तरी काही कार्यक्रम ऑनलाइन असतात. आधी नाव नोंदवायचं आणि घड्याळाचा हिशेब करायचा. तिथल्या संध्याकाळच्या साडेसातला आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे पाच वाजलेले असतात, हिवाळ्यात सहा. पुस्तक विकत घ्यायचं असेल तर शक्यतो त्यांच्याकडूनच मागवावं. टपालखर्च जड वाटला, तर सर्कलला छोटी देणगी द्यावी.