भर उन्हाळ्यात फ्रिज थंड करत नसेल तर

उन्हाळा चढला की अकोला-अमरावतीच्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. दूध दुपारपर्यंत फाटते, पाण्याच्या बाटल्या कोमटच राहतात, आणि घरातले कुणीतरी निदान करून टाकते, "गॅस संपला असेल." गॅस गेलेला असू शकतो, पण ही शक्यता शेवटी तपासावी. त्याआधीच्या बऱ्याच गोष्टी आपण घरच्या घरी, एक रुपयाही न घालवता पाहू शकतो.

सुरुवातीला फ्रिजचे काम समजून घेऊ. फ्रिज थंडावा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर खोलीत टाकतो. आतल्या थंड नळीत गॅस उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर, म्हणजे खाली मागच्या बाजूला असलेला काळा डबा, हा गॅस दाबून कंडेन्सरमध्ये ढकलतो. कंडेन्सर म्हणजे मागची काळी जाळी. तिथे गॅस आपली उष्णता खोलीत सोडतो आणि पुन्हा आत जातो. नव्या बऱ्याच फ्रिजमध्ये ही जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्यांच्या आत असते. त्यामुळे त्या बाजू गरम लागणे हा बिघाड नव्हे.

म्हणजे शोधायच्या गोष्टी तीनच: यंत्र चालते का, उष्णता आत जास्त शिरते का, आणि बाहेर पडताना ती कुठे अडते का.

पहिली पायरी: मोजून पाहणे

हाताला थंड लागते की नाही, यावर भरवसा ठेवू नये. ग्लासभर पाणी मधल्या फळीवर रात्रभर ठेवावे आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवून पाहावे. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो इतके खाली मोजत नाही. पाणी ५ अंश सेल्सिअसच्या आत असेल तर फ्रिज ठीक आहे. फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास अपेक्षित असते.

दुसरी पायरी: वीज आणि आवाज

आतला दिवा लागला म्हणजे फ्रिज चालू आहे, असे नसते. दिव्याला वीज थोडी लागते, कॉम्प्रेसरला सुरू होताना पुष्कळ. मागे कान देऊन ऐकावे. बारीक घरघर सतत येत असेल तर कॉम्प्रेसर चालतो आहे. दर काही मिनिटांनी क्षणभर गुणगुण आणि मग "टिक" असा आवाज येत असेल, तर तो सुरू व्हायला धडपडतो आहे आणि त्याचे संरक्षक बटण (ओव्हरलोड) त्याला बंद करते आहे.

असे होण्याची दोन मुख्य कारणे. एक, कमी दाबाची वीज. घरात २३० व्होल्ट अपेक्षित असतात, पण मे महिन्याच्या संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू असतात, तेव्हा दाब उतरू शकतो. आपल्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल तर तो त्या वेळी पाहावा. दुसरे कारण म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करणारा छोटा भाग, रिले, खराब होणे. हा भाग स्वस्तात बदलता येतो. म्हणून "कॉम्प्रेसरच गेला" हे ऐकून लगेच मान्य करू नये, आधी रिले तपासायला सांगावे.

लाइन जाऊन लगेच आली, तर बटण बंद करून पाच मिनिटे थांबावे. आतल्या गॅसचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. इन्व्हर्टर फ्रिज मात्र कमी वेगाने बराच वेळ चालत राहतो, ते त्याचे नेहमीचे काम आहे.

तिसरी पायरी: आतली मांडणी

बहुतेक फ्रिजमध्ये नॉबचा आकडा मोठा तितका गारवा जास्त. बरेच लोक उलटे समजतात. आकड्याबद्दल शंका असेल तर माहितीपुस्तिका पाहावी.

मग फळ्या पाहाव्यात. फळ्या स्वच्छ राहाव्यात म्हणून आपण त्यांवर प्लॅस्टिक किंवा वर्तमानपत्र अंथरतो. थंड हवा वरून खाली उतरते, ती तिथेच अडते. मागच्या भिंतीला टेकवलेले अख्खे टरबूज, आमरसाचा डबा, ठासून भरलेल्या पिशव्या हेही तेच करतात. हवेला वाट ठेवावी. दुधाचा गरम गंज थेट आत ठेवू नये, खोलीइतका निवू द्यावा.

चौथी पायरी: दाराचे रबर

दाराभोवतीच्या रबराला गॅस्केट म्हणतात. दहाची नोट दारात धरून दार लावावे आणि नोट ओढावी. ती अडत ओढली गेली तर रबर ठीक, सहज निसटली तर तिथून गरम हवा आत शिरते. चारही बाजूंना असे करावे. पुष्कळदा रबर फाटलेले नसते, त्याच्या घडीत सांडलेला रस आणि धूळ साचलेली असते. कोमट साबणपाण्याने पुसून कोरडे करावे. तरीही फट राहिली तर फक्त रबर बदलून मिळते.

पाचवी पायरी: जागा आणि जाळी

वऱ्हाडात ही पायरी सर्वांत महत्त्वाची. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, २०२० च्या मे महिन्यात तो ४७ च्याही पुढे गेला होता. उष्ण प्रदेशासाठीचा "टी" वर्गातला फ्रिजसुद्धा भोवतालच्या ४३ अंशांपर्यंतच नीट चालेल, असे धरून बनवलेला असतो. हा वर्ग फ्रिजवरच्या पट्टीवर छापलेला असतो. टिनाच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटून ठेवलेला फ्रिज दुपारी मागे पडला, तर तो बिघडलेलाच आहे असे नाही. तो त्याच्या मर्यादेबाहेर काम करतो आहे.

म्हणून फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, शेगडीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावा. वर झालर, खोकी, भांड्यांचा ढीग नको. मागे जाळी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडावी. या कोरड्या मुलखात ती लवकर बसते.

कूलर लावलेल्या खोलीत फ्रिज असेल तर एक फायदा आणि एक तोटा. खोली निवल्याने जाळीचे काम हलके होते. पण कूलरची हवा दमट असते, आणि दार उघडले की तो दमटपणा आत जाऊन बर्फ होतो. खोली तीच चालेल, झोत मात्र थेट दारावर नको.

सहावी पायरी: बर्फ

एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये फ्रीझरवर बोटभर बर्फ जमला की तो गोधडीसारखा काम करतो, उष्णता थंड नळीपर्यंत पोचू देत नाही. नॉबच्या मधले बटण दाबून किंवा फ्रिज बंद करून तो वितळू द्यावा. सुरी, उलथणे, स्क्रूड्रायव्हर कधीही लावू नये. नळी पातळ असते, तिला भोक पडले की गॅस खरोखरच जातो.

दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री (आपोआप बर्फ वितळवणाऱ्या) फ्रिजचे लक्षण वेगळे: वर बर्फ जमतो, पण खाली भाजी गरम. अशा वेळी वरची थंड हवा खाली ढकलणारा पंखा बंद असतो, किंवा बर्फ वितळवणारा हीटर अथवा त्याचा सेन्सर गेलेला असतो आणि झाकणामागे बर्फाची भिंत झालेली असते. दार उघडे ठेवून एक अख्खा दिवस फ्रिज बंद ठेवावा. त्यानंतर तो नीट चालला आणि आठवड्याभरात पुन्हा तेच झाले, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या भागातच आहे. मेकॅनिकला नेमके हेच सांगावे.

सातवी पायरी: आता गॅस

वरचे सगळे झाले, कॉम्प्रेसर अखंड चालतो आहे, पण मागची जाळी किंवा बाजू कोमटही होत नाही आणि फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात दहिवर धरते आहे, तर गॅस कमी झाल्याचा संशय रास्त आहे. नळीतला अडथळा किंवा कमजोर झालेला कॉम्प्रेसरही अशीच लक्षणे दाखवू शकतो, म्हणून मेकॅनिकने तेही तपासायला हवे.

फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही, कारण तो बंद नळ्यांत फिरत असतो. तो कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला, तर पैसे आणि गॅस दोन्ही त्याच वाटेने जातात. म्हणून मेकॅनिकला चार गोष्टी विचाराव्यात: गळती कुठे सापडली, फिल्टर बदलला का, पंपाने नळ्या पूर्ण रिकाम्या केल्या का, आणि गॅस वजन करून भरला का.

पट्टीवर "आर-६००ए" लिहिले असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे. प्रमाण थोडे असते, तरी काम सुरू असताना शेगडी बंद आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दुरुस्तीनंतर एक रात्र जाऊ द्यावी, ग्लासातले पाणी पुन्हा मोजावे, आणि बिलावर बदललेल्या भागाचे नाव व हमीची मुदत लिहून घ्यावी.