हिरवं तेल, लाल तेल

जुन्या सिट्रोएन गाडीचं बॉनेट उघडलं की पंपावर, झडपांवर, तेलाच्या डब्याच्या आसपास कुठे ना कुठे हिरवा रंग दिसतो. तो शोभेसाठी दिलेला नाही. इथे हिरवं तेलच घाला, दुसरं काही ओताल तर पस्तावाल, ही ताकीद कारखान्याने गॅरेजवाल्याच्या डोळ्यांसमोर रंगवून ठेवली आहे. तरी लोकांनी नको ते ओतलंच, आणि वर तेलावर चालणाऱ्या या गाडीच्या सस्पेन्शनला नाजूक, खर्चिक अशी नावं ठेवली. माझ्या मते या बदनामीत यंत्रापेक्षा तेलाचा वाटा मोठा आहे.

या गाड्यांना पाटे नसतात आणि स्प्रिंगाही नसतात. प्रत्येक चाकामागे सोललेल्या नारळाएवढा एक लोखंडी गोळा असतो. गोळ्याच्या मधोमध रबराचा पडदा; पडद्याच्या एका अंगाला दाबून भरलेला नायट्रोजन, दुसऱ्या अंगाला तेल. चाक उंचवट्यावर चढलं की सिलिंडरमधला दट्ट्या तेल गोळ्यात ढकलतो, वायू आकसतो आणि पुन्हा फुलतो. म्हणजे स्प्रिंगचं काम वायूकडे. गोळ्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकांतून तेल रखडत जातं, म्हणून शॉकअपचं कामही तिथेच उरकतं. मागच्या सीटवर तीन माणसं बसली आणि डिकीत सामान चढलं की गाडीची मागची बाजू दबते. त्याबरोबर एक दांडी हलते आणि हाइट करेक्टरची झडप उघडते. पंपाचं तेल आत येतं आणि गाडी पूर्वीच्या उंचीला येऊन थांबते. ओझं उतरलं की जादा तेल मुकाट्याने डब्यात परत.

हे सगळं ज्या दाबावर चालतं तो साधारण १४५ ते १७० बारच्या दरम्यान असतो; टायरमधली हवा दोन-अडीच बार असते, हे लक्षात घेतलं की अंदाज येईल. दाब १७० च्या आसपास पोचला की रेग्युलेटर पंपाचा भार काढून घेतो, १४५ च्या खाली येऊ लागला की पुन्हा जोडतो. एवढा दाब सांभाळायचा तर झडपांच्या दांड्या आणि त्यांची भोकं यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच ठेवावी लागते. त्या फटीत रबरी सील नाही. तेलच तिथे वंगणही आहे आणि आडोसाही. तेलात कचरा किंवा पाणी गेलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

ही कल्पना पॉल माजेस या माणसाची. अभियंत्याची पदवी त्याच्याकडे नव्हती. तो १९२५ साली सिट्रोएनमध्ये लागला आणि स्वतःच्या बुद्धीने शिकत गेला. १९५४ मध्ये त्याचं सस्पेन्शन ट्रॅक्सियों अव्हां गाडीच्या सहा सिलिंडरवाल्या मॉडेलला फक्त मागच्या चाकांसाठी बसवलं. ऑक्टोबर १९५५ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात डीएस आली ती चारही चाकांना हे सस्पेन्शन घेऊन, आणि त्याच तेलावर चालणारे ब्रेक, स्टीअरिंग, क्लच आणि गिअर घेऊन. पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० लोकांनी गाडी नोंदवली. आता एवढी कामं एका तेलाच्या गळ्यात बांधल्यावर तेल चांगलं हवं. नेमकं तेच नव्हतं.

सुरुवातीची तेलं वनस्पतिजन्य होती, नंतर लाल रंगाचं कृत्रिम तेल आलं. ही मंडळी आपल्या ब्रेक ऑइलच्या जातीची: हवेतला ओलावा शोषून घेणारी. पॅरिसचा हिवाळा दमट. डब्यातल्या तेलात हळूहळू पाणी मुरायचं, मग आतल्या गुळगुळीत पोलादाला गंज धरायचा, झडपा चिकटायच्या, तेल पाझरायचं आणि पाझरलेलं तेल गाडीचा रंगही उडवायचं. डीएस रस्त्यात बसली या गोष्टी ज्या सांगितल्या जातात, त्यांतल्या पुष्कळ या काळातल्या. सप्टेंबर १९६६ पासून कंपनीने एलएचएम हे खनिज तेल आणलं. ते हिरवं, पाणी न शोषणारं, रंगाला न लागणारं. अमेरिकेत मात्र ब्रेकच्या तेलासंबंधीच्या नियमांमुळे १९६९ पर्यंत लाल तेलाच्याच गाड्या विकाव्या लागल्या. त्यामुळे आजही जुनी डीएस विकत घेणारा आधी विचारतो, लाल की हिरवी?

दोन्हींच्या रबराची जात निराळी, खरी मेख इथे आहे. हिरव्या यंत्रणेची सीलं खनिज तेलात टिकतात, ब्रेक ऑइलमध्ये फुगून मऊ पडतात. लाल यंत्रणेत खनिज तेल ओतलं तर तिथल्या सीलांची तीच गत. आपल्याकडे ब्रेकशी संबंधित डबा दिसला की ब्रेक ऑइल ओतायची सवय हाताला लागलेली असते. या गाडीत ती सवय महागात पडते. एकदा चुकीचं तेल फिरलं की नुसतं काढून भागत नाही, पंपापासून ब्रेकपर्यंतची सीलं बदलावी लागतात. हिरव्या गाडीत आडरानात तेल संपलंच, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घालून घर गाठता येतं, कारण तेही खनिज तेलच. पण तो तात्पुरता उपाय.

आता प्रत्यक्ष बदलण्याकडे. उदाहरणाला बीएक्स घेऊ. १९८२ मध्ये आलेली, २३ लाखांहून अधिक विकलेली, आणि यंत्रणा त्यातल्या त्यात सुटसुटीत. या घराण्यातल्या गाड्यांसाठी साधारण ६०,००० किलोमीटरला तेल बदलावं असा दंडक आहे. गाडी कमी फिरत असेल तर वर्षांकडे पाहावं. तेल तपकिरी दिसू लागलं किंवा त्याला जळका वास आला, तर किलोमीटर मोजत बसू नये.

सीटशेजारचा लिव्हर सर्वांत खालच्या खुणेवर आणायचा. गाडी सुस्कारा टाकून बसते आणि सिलिंडरांतलं बहुतेक तेल डब्यात उतरतं. मग इंजिन बंद करून प्रेशर रेग्युलेटरवरचा १२ नंबरचा स्क्रू एक-दीड आटा सैल करायचा. पुरता काढायचा नाही; त्याच्या तळाशी एक छोटी गोळी असते, ती निसटली की इंजिनाखालच्या अंधारात शोधत बसावं लागतं. स्क्रू सैल होताच फुस्स असा आवाज येतो आणि उरलासुरला दाब डब्याकडे जातो. गाडीखाली जायचं असेल तर ती लोखंडी घोड्यांवर टेकवूनच. इंजिन चालू असताना उंच उभी राहिलेली ही गाडी दाब गेला की बसते, आणि खाली कोण आहे हे ती पाहत नाही.

डब्याची पकड सोडवून मधला भाग वर उचलला की त्याला लागलेल्या दोन जाळ्या दिसतात, एक पंपाकडे जाणाऱ्या तेलाची, दुसरी परतीची. मला या कामात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या या जाळ्या, आणि बहुतेक जण त्यांनाच बगल देतात. जाळीवर काळा रबरी चुरा असेल तर कुठली तरी नळी किंवा सील आतून झिजतंय. चमचमता धातू असेल तर पंपाची चौकशी करावी. जाळ्या पेट्रोलमध्ये धुऊन आतून बाहेर हवा मारायची. डबा काढून पालथा करायचा आणि तळाचा गाळ पुसायचा, तेही धागे न सुटणाऱ्या कपड्याने. कापसाचा बोळा फिरवला की आपणच नवा कचरा घातला.

नवं एलएचएम भरून, स्क्रू सैलच ठेवून इंजिन सुरू करायचं. पंपाने तेल धरलं की स्क्रू आवळायचा. पंप कोरडाच घरघरत राहिला तर त्याच्या ओढणाऱ्या नळीत थोडं तेल ओतावं लागतं. मग लिव्हर खाली-वर, खाली-वर, म्हणजे सिलिंडरांतलं जुनं तेल नव्यात येऊन मिसळतं आणि हवा निघते. ब्रेकमधलं तेल मात्र यात हलत नाही, आणि सर्वांत जास्त तापतं तेच. त्यामुळे चारही चाकांवरच्या निपलमधून ते वेगळं काढायचं. नेहमीसारखं पेडल पंप करायची गरज नाही. इंजिन चालू ठेवून पाय हलकेच टेकला की तेल पंपाच्या दाबाने येतं, म्हणून निपल बेताने उघडायचं.

तेलाची पातळी इंजिन चालू असताना, लिव्हर सर्वांत वरच्या खुणेवर ठेवून पाहायची: डब्यावरच्या तरंगत्या खुणेचा पिवळा पट्टा दोन लाल खुणांच्या मध्ये हवा. गाडी बसलेली असताना सगळं तेल डब्यात असतं, तेव्हा पाहिलं तर ते भरपूर वाटतं आणि गाडी उठताच पंप हवा ओढू लागतो.

एवढं करूनही गाडी बैलगाडीसारखी आदळत असेल, तर दोष तेलाचा नाही. रबरी पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षं झिरपत असतो. गोळा रिकामा झाला की तो भरून घ्यावा किंवा बदलावा. गोळ्यांची पारख कानाने होते. इंजिन नुसतं चालू ठेवलं असता रेग्युलेटरची टकटक अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतराने आली तर ठीक. दर दोन-चार सेकंदांनी आली तर दाब साठवणारा मुख्य गोळा बहुधा गेलेला आहे.

हेच तंत्र परवाना घेऊन रोल्स-रॉईसने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोत वापरलं, पण ब्रेक ऑइलच्या जातीच्या तेलावर. तिथे सिट्रोएनचं हिरवं ओतणं म्हणजे वर सांगितलेला घोळ उलट्या बाजूने. सिट्रोएनने स्वतःही २००१ च्या सी५ मध्ये नारिंगी तेल आणलं. तेही हिरव्यात मिसळायचं नाही. २०१७ मध्ये त्या सी५ बरोबर ही परंपरा थांबली. भारतात २०२१ मध्ये आलेल्या सी५ एअरक्रॉसला साध्या स्प्रिंगा आहेत. तिच्या शॉकअपमध्ये तेलाच्या उशा आहेत खऱ्या, पण त्या बंद असतात आणि त्यांचं तेल बदलावं लागत नाही.